ताई, ह्याला सेवा म्हणायचं का?

ह्या वेळी पत्रं बरीच आली, त्यातली सात घेतलीयेत, नावं कुणाचीच टाकत नाही. सगळी एकदम वाचायला घेतली तेव्हा लक्षात आलं की प्रश्न वेगवेगळे असले तरी बहुतेकांची शंका एकच आहे, आपण दिवसभर जे करतो ते देवाच्या हिशेबात धरलं जातं की चर्चमध्ये केलं तेवढंच. आता मी काही पाळक नाही, बायबल कॉलेजचं तोंडही बघितलेलं नाही, एकतीस वर्षं नर्सिंग केलं आणि रविवारी संडे स्कूल घेतलं एवढंच भांडवल, त्यामुळे उत्तरांमध्ये ग्रीक-हिब्रू शून्य आणि चादरी-बेडपॅन जरा जास्त येतील, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, प्रभूमध्ये सलाम. माझ्या सासूबाई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहेत, अर्धांगवायू झालाय, सगळं जागेवरच करावं लागतं. आधी मी महिला संघात होते, घरभेटींना जायचे, कॉयरमध्ये होते. आता रविवारची उपासना मोबाईलवर बघते ती पण अर्धीच. परवा संघातल्या एक बाई भेटल्या, म्हणाल्या, "तुमची सेवा अगदीच बंद पडली हो, आम्ही प्रार्थना करतोय." रात्री खूप रडले. आणि खरं सांगू का, सासूबाईंवर कधीकधी इतकी चिडते की नंतर माझीच मला लाज वाटते. मी प्रभूपासून लांब चाललेय का?

उत्तर: बाई गं, दीड वर्षं तुम्ही जे करताय त्याला सेवा नाही म्हणायचं तर मग सेवा हा शब्द कशासाठी ठेवलाय तेच मला कळत नाही.

आधी मार्कचा सातवा अध्याय काढा. तिथे येशूनं एका पद्धतीवर चांगलंच झापलंय. पद्धत अशी होती की मुलगा आईबापांना सांगायचा, माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं होतं ते 'कुर्बान' आहे, म्हणजे देवाला वाहिलंय, आता त्यातलं तुम्हाला काही देता येणार नाही. धार्मिकच्या धार्मिक आणि जबाबदारीतून मोकळा! येशू म्हणतो, ही रूढी पाळण्याच्या नादात तुम्ही देवाची आज्ञाच मोडून टाकली. म्हणजे बघा, देवाचं नाव पुढे करून घरातल्या म्हाताऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडणं ह्या प्रकाराला येशूची अजिबात मान्यता नाही. तुमच्या त्या संघातल्या बाईंना हा अध्याय वाचायला सांगा असं मी म्हणणार होते पण नको, भांडण लागेल.

दुसरं, योहान १३. येशूनं शिष्यांचे पाय धुतले ते वाचताना मला नेहमी आमच्या ट्रेनिंगमधली प्रोसिजरची वही आठवते, इतकं क्रमानं लिहिलंय. जेवणावरून उठला, बाहेरची वस्त्रं काढून ठेवली, रुमाल घेऊन कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं, पाय धुतले, मग कमरेच्या रुमालानं पुसले. पुसले हे पण लिहिलंय! ज्यानं कुणाचे तरी पाय खरोखर धुतलेत त्यालाच कळतं की पुसणं किती महत्त्वाचं असतं, बोटांच्या मधे ओल राहिली की तिथे कातडी खराब होते. आणि यहूदा, येशूला धरून देणारा तोच, तेव्हा खोलीतच होता, तो नंतर उठून गेला, म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. पेत्र हा शिष्य मात्र नको नको करत होता. त्याचं हे नको नको मी वॉर्डात शेकडो वेळा ऐकलंय. धुणाऱ्याला वाटतं आपणच खाली वाकलोय, पण ज्याचं धुतलं जातं त्याला जी लाज वाटते ना ती वेगळीच असते, आयुष्यभर घर चालवलेली बाई सुनेपुढे उघडी पडते तेव्हा ती कधीकधी त्या लाजेपोटीच खेकसते. सासूबाई आडमुठेपणा करतात तेव्हा हे जरा आठवून बघा.

आता चिडण्याचं. मी पण चिडलेय. नाइट ड्यूटीला एका आजींनी तिसऱ्यांदा चादर ओली केली म्हणून मी त्यांच्यावर ओरडले होते, तेही बाकीचे पेशंट झोपलेले असताना. त्या हळूच म्हणाल्या, "सॉरी सिस्टर." मला कितीतरी पेशंटनी थँक्यू म्हटलं असेल, ते सगळं विसरले, ते सॉरी विसरले नाही.

पण एक सांगते, तुमच्या चिडचिडीतली निम्मी झोपेची आहे. लकवा झालेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात, म्हणजे रात्रीपण तुम्ही उठत असणार. दीड वर्षं अशी झोप मोडल्यावर संतमाणूससुद्धा खेकसेल. म्हणून नवऱ्याला बसवून स्पष्ट सांगा की रात्रीची एक पाळी त्यांची, आई त्यांची आहे, आणि दीर-नणंदा असतील तर त्यांच्याही पाळ्या लावा, "एकमेकांची ओझी वाहा" हे गलतीकरांच्या पत्रात फक्त सुनांसाठी लिहिलेलं नाही. आणि संघातल्या बाईंना म्हणा, प्रार्थना करताय त्याबद्दल आभार, पण गुरुवारी तीन ते पाच येऊन सासूबाईंजवळ बसाल का, मी तेवढी झोपते. याकोबानं दुसऱ्या अध्यायात हेच म्हटलंय, उघड्या-उपाशी माणसाला "सुखी राहा, ऊब घ्या" म्हणून वाटेला लावलं आणि दिलं काहीच नाही तर काय उपयोग.

ओरडलात तर माफी मागा, त्यांना बोलता येत नसलं तरी मागा, त्यांना ऐकू येतं.

आणि एक नर्सिंगची गोष्ट, उपासना अर्धीच बघून होते म्हणता ना म्हणून. चादर बदलताना पेशंटला एका कुशीवर वळवायचं, भिजलेली चादर लांबीत गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, कोरडी तिच्यामागून पसरत आणायची, मग त्या गुंडाळीवरून हळूच दुसऱ्या कुशीवर. मधे एक क्षण असा येतो की ते माणूस पूर्णपणे तुमच्या हातांवर असतं आणि त्याचा चांगला हात धरायला काहीतरी शोधत असतो, पलंगाची कड नाहीतर तुमची बाही. माझी प्रार्थना बहुतेक तिथेच व्हायची, एका ओळीची, प्रभू, हिला दुखू देऊ नको आणि मला चिडू देऊ नको. एवढीच, पण दोन तासांनी परत चादर बदलायची वेळ यायचीच, की परत तीच.

प्रश्न: ताई नमस्कार, मी एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघतो. साहेब मधूनमधून न झालेल्या कामाची बिलं बनवायला सांगतात, म्हणतात सगळेच करतात. मी चर्चमध्ये दर महिन्याला वचन वाचतो आणि तरुण संघाचा खजिनदारपण आहे. नोकरी सोडावी का? घरी कमावणारा मी एकटाच आहे.

उत्तर: तुला तू म्हणते, माझ्या मुलाच्या वयाचा वाटतोस.

लूक ३ मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार येतात आणि विचारतात आम्ही काय करावं. तो काळ असा की जकातदार म्हणजे लुबाडणारा हे लोकांनी धरूनच ठेवलेलं. मला वाटलं असतं हा रानातला कडक माणूस म्हणेल सोडा तो धंदा. पण तो म्हणतो, ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपाई विचारतात, त्यांना सांगतो, कुणाकडून जबरदस्तीनं पैसे उकळू नका, खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधानी राहा. म्हणजे टेबल तेच, त्यावरचा हिशेब बदल. आधी हे करून बघ, राजीनाम्याचं नंतर.

कसं करायचं तर भाषण द्यायचं नाही. "सर मी ख्रिस्ती आहे त्यामुळे मी असली पापं करत नाही" असं म्हटलंस तर साहेबांना तू पापी म्हटलंस एवढंच त्यांना ऐकू जाईल. शांतपणे सांग, सर जे काम झालंय त्याचं बिल मी आजच्या आज करतो, जे झालं नाही त्याचं माझ्याच्यानं होणार नाही. नंतर परत म्हणाले तर ईमेल टाकून सांगा म्हण, लेखी मागितल्यावर पुष्कळ वेळा विषय तिथेच थंड होतो. तुझी सही ज्या कागदावर आहे त्याच्या कॉप्या व्यवस्थित ठेव. आणि दुसरी नोकरी शोधायला आजच सुरुवात कर, म्हणजे उद्या खरंच सोडायची वेळ आली तर घरचे अडचणीत येणार नाहीत. हे अविश्वासाचं लक्षण नाहीये, शहाणपणाचं आहे.

सगळं नीट होईल असं मी तुला सांगणार नाही हं. दानिएलाच्या कामात शत्रूंनी चूक शोधली, सहाव्या अध्यायात लिहिलंय की एकही सापडली नाही, आणि त्याचं बक्षीस म्हणून त्याला पहिल्यांदा सिंहांची गुहाच मिळाली, सुटका नंतर.

अजून एक, ज्या बिलांवर तू आधीच सह्या केल्यास त्याबद्दल पत्रात तू काही लिहिलेलं नाहीस पण ओळींच्या मधे मला ते दिसतंय. जक्कयाचं बघ, तोही जकातदारच, येशू घरी आल्यावर बदललेला. फसवून घेतलेलं परत करायचं असेल तर लेवीयाच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढ्यावर भागत होतं, हा गडी उभा राहून म्हणतो चौपट देतो. कुणी मागितलं नव्हतं. तुझ्याकडे परत द्यायला पैसे आलेच नसतील कदाचित, पण एखाद्या जाणत्या माणसाला, वकील किंवा सीए असेल तर उत्तमच, ही गोष्ट जशीच्या तशी सांगून सल्ला घे. मनात ठेवून वचन वाचायला उभा राहू नकोस, घसा कोरडा पडतो.

प्रश्न: दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग, हातात येणाऱ्या पगारावर द्यायचा की कापून जाण्याआधीच्या? आमच्या कमिटीत ह्यावर दोन गट पडलेत.

उत्तर: दोन गट! मत्तय २३ मध्ये परूशी, म्हणजे धर्मनियम अगदी काटेकोर पाळणारे लोक, पुदिना, शेप आणि जिरं ह्यांचासुद्धा दहावा भाग मोजून द्यायचे, येशूनं त्यांना ते बंद करा म्हटलं नाही, पण न्याय, दया आणि विश्वासूपणा ह्या मोठ्या गोष्टी तुम्ही सोडून दिल्यात म्हणाला. माझं मत विचाराल तर ज्या आकड्यावर देताना मन कुरकुरत नाही तो द्या. आणि पुढच्या मीटिंगला अजेंड्यावर हा एक विषय घ्या, की चर्चची साफसफाई करणाऱ्याचा आणि वॉचमनचा पगार वेळेवर जातो का, आणि कमिटीतल्या प्रत्येकाच्या घरी काम करणाऱ्यांचा जातो का. अनुवाद २४ मध्ये मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या असं आहे, तिथे कापून जाण्याआधीची का नंतरची असा काही प्रश्नच येत नाही. ह्यावर गट पडले तर मला जरूर कळवा.

प्रश्न: आम्ही काही मैत्रिणी मिळून दर महिन्याला अनाथाश्रमात वस्तू देतो. फोटो स्टेटसला टाकतो कारण ते बघून अजून लोक मदत करतात. माझा मुलगा म्हणतो हे शो-ऑफ आहे, येशूनं सांगितलंय उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नका. पण "तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या" हे पण त्यानंच सांगितलंय ना?

उत्तर: दोघंही बरोबर आहात, आणि गंमत म्हणजे दोन्ही वाक्यं एकाच प्रवचनातली, डोंगरावरच्या. प्रकाशाचं मत्तय ५ मध्ये, डाव्या हाताचं ६ मध्ये, पानसुद्धा फार उलटावं लागत नाही. मग फरक काय? पाचव्यात शेवट असा आहे की लोकांनी बघून तुमच्या स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं. सहाव्यात जे लोक कर्णे वाजवत देतात त्यांना माणसांकडून शाबासकी हवी असते, आणि येशू म्हणतो ती त्यांना मिळाली, म्हणजे पावती फाटली, खातं बंद.

पण मला खरा प्रश्न वेगळाच वाटतो. तुम्ही मला सोबत फोटो पाठवलात तो मी मोठा करून बघितला. त्यात तुम्ही पाचजणी कॅमेऱ्याकडे बघताय, पाकिटावर पाच हात आहेत आणि पाकीट घेणारी मुलगी खाली बघतेय. साधारण दहा वर्षांची असेल. दोन-चार वर्षांनी तिच्या वर्गातल्या कुणीतरी हा फोटो तिला दाखवला तर? लोकांना मदतीला बोलवायचं असेल तर काय काय लागतं त्याची यादी टाका स्टेटसला, वस्तूंचा फोटो टाका, पोचल्याचं कळवा. मुलांचे चेहरे नकोत, आणि तुमचेही नसले तर मुलगा पण गप्प बसेल.

प्रश्न: मी पन्नाशीचा आहे. गेली काही वर्षं रुग्णभेट, तरुण संघ, इमारत फंड, शनिवारची प्रार्थनासभा असं सगळं बघतो. पण एकांतात प्रार्थनेला बसलो की काहीच वाटत नाही, भिंतीशी बोलल्यासारखं होतं. बाहेर लोक म्हणतात दादा तुमची साक्ष (देवाचा अनुभव सांगणं) किती छान. मला मी ढोंगी वाटायला लागलोय. सगळं सोडून द्यावं का?

उत्तर: दादा, ह्यात दोन दुखणी मिसळलीयेत, वेगळी करून बघू या.

एक आहे थकवा. एलीया संदेष्टा आठवा, १ राजे १८ मध्ये कर्मेल डोंगरावर केवढा विजय आणि लगेच १९ मध्ये एका झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवानं त्याला लगेच उपदेश केला नाही. झोपू दिलं. मग दूतानं हात लावून उठवलं, ऊठ खा, भाकर आणि पाणी तयार. खाल्लं आणि परत झोपला! परत उठवलं, परत खायला दिलं. त्यानंतर चाळीस दिवसांची चाल, आणि मग कुठे तो शांत मंद आवाज. आपण उलटं करतो, आवाज ऐकू येत नाही म्हणून अजून दोन मीटिंगा वाढवतो. आणि मोशेला निर्गम १८ मध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवताना बघून कोण म्हणालं की तू करतोस ते बरं नाही, तू झिजून जाशील? ना दूत, ना झुडपातला जाळ, सासरा म्हणाला. तेव्हा तुमच्या घरातलं कुणीतरी हेच बरेच दिवस म्हणत असेल तर ते ऐका. चारातली दोन कामं सोडा, इमारत फंड पहिला, त्याला हिशेबातला माणूस मिळेल. शिष्य जेवायलाही वेळ मिळेना इतके दमले तेव्हा येशू त्यांना चला जरा एकांतात विसावा घ्या म्हणाला होता, मार्क ६, आता ती गर्दी धावत त्यांच्याआधीच तिथे पोचली आणि विसाव्याचं काय झालं ते तुम्हीच वाचा, पण बोलवलं तरी होतं.

दुसरं दुखणं कोरडेपणाचं, आणि ते विश्रांतीनं जाईलच असं नाही. मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या आणि दहा वर्षांनी त्यांची खाजगी पत्रं छापून आली तेव्हा जगाला कळलं की कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवतच नव्हती, नुसता अंधार. १९७९ मध्ये नोबेल घेताना, मरणाऱ्या माणसांजवळ बसताना, सगळा वेळ. ती पत्रं नष्ट करा असंही त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्यांना ढोंगी म्हणायचं का? काहींनी म्हटलं, मी नाही म्हणणार. काही जाणवत नसताना रोज पहाटे उठून बसायचं आणि मग उठून माणसांकडे जायचं ह्याला मी तरी विश्वासच म्हणेन. ढोंगी माणूस काही वाटत नसताना वाटतंय असं सांगतो, तुम्ही तर मला खरं काय ते लिहून मोकळे झालात. तेच आता जवळच्या एका माणसाला तोंडानं सांगा, पाळकांना सांगता येत असेल तर त्यांना.

आणि साक्ष छान म्हणतात तेव्हा गप्प राहायची मुभा आहे तुम्हाला. एकांतात शब्द सुचत नसतील तर स्तोत्र ८८ मोठ्यानं वाचा, त्याचा शेवट सरळ अंधारात होतो, शेवटी उजेडाची एक ओळ टाकावी असं लिहिणाऱ्याला वाटलं नाही आणि तरी ते शास्त्रात ठेवलंय.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात एक ब्रदर लॉरेन्स होते, मूळचे सैनिक, लढाईत जखमी होऊन लंगडे झालेले. मठात त्यांना स्वयंपाकघर दिलं, जे त्यांना मनापासून आवडत नव्हतं, वर्षानुवर्षं तिथेच होते, नंतर वहाणा दुरुस्त करायचं काम दिलं. त्यांचं म्हणणं असायचं की प्रार्थनेची ठरलेली वेळ आणि भांड्यांच्या आवाजातली वेळ ह्यात मला काही फरक वाटत नाही. मला वाटतं तुमच्या रुग्णभेटीला तुम्ही नुसती ड्यूटी समजताय, कदाचित तुमची प्रार्थना सध्या तिथेच होत असेल. म्हणून सोडायचंच तर बाकीचं सोडा, रुग्णभेट ठेवा.

प्रश्न: आमच्या शेजारच्या कुटुंबावर मोठा प्रसंग आला तेव्हा आम्ही दोघं नवराबायको तीन महिने त्यांच्या मुलांना सांभाळत होतो, हॉस्पिटलच्या फेऱ्या मारल्या. ते ख्रिस्ती नाहीत. आता चर्चमधले एक काका म्हणतात एवढं केलं पण एकदाही सुवार्ता सांगितली नाही तर सगळं वाया गेलं. खरंच का?

उत्तर: नाही.

काकांना लूक १७ विचारा. दहा कुष्ठरोगी बरे झाले, परत येऊन उपकार मानणारा एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी लोक ज्यांना परके मानायचे त्यांच्यातला. येशूनं विचारलं नऊ जण कुठायत, वाईट वाटलंच असणार. पण त्या नऊ जणांचा रोग परत आला असं कुठे लिहिलंय? बरं केलं ते बरं केलं. आणि चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत जखमी माणूस सबंध वेळ एक शब्द बोलत नाही. त्याला कुणी विचारत नाही तू कुठला, तुझा विश्वास काय. तेल-द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत रात्रभर बघितलं, सकाळी दोन दीनार काढून दिले, म्हणजे त्या काळची दोन दिवसांची मजुरी, आणि वर म्हणाला जास्त लागलं तर परत येईन तेव्हा देतो. मला ती शेवटची ओळ सगळ्यात आवडते, कारण पहिल्या दिवशी मदत करायला बरेच येतात, परत येईन म्हणणारे कमी. तुम्ही तीन महिने परत परत गेलात.

बोलायचंच नाही असं मी म्हणत नाहीये. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात आहे, तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. विचारलं तर. एखाद्या दिवशी शेजारीण सहज विचारेल, तुम्ही आमच्यासाठी एवढं का केलंत हो, तेव्हा जे खरं आहे ते दोन वाक्यांत सांगा आणि तिचं म्हणणंही ऐका. अडचणीत सापडलेल्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते, त्या वेळी त्याच्यापुढे आपला धर्म ठेवला तर ते उपकाराचं बिल पाठवल्यासारखं होतं. काकांचा हेतू वाईट नसेल, पण तुमची मदत कुणाला तरी गळाला लावायचं आमिष होती असं शेजाऱ्यांना वाटलं असतं तर मात्र खरंच वाया गेली असती.

प्रश्न: मी अकरावीत आहे. मला गाता येत नाही, गिटार येत नाही, स्टेजवर बोलायला तर फार भीती वाटते. आमच्या युथमध्ये सगळे कशात ना कशात आहेत, मीच नुसती बसलेली असते. मला काय सेवा करता येईल?

उत्तर: बाळा, स्टेज एकच असतं आणि खुर्च्या पुष्कळ, त्यामुळे नुसतं बसणाऱ्यांत कामाला खूप वाव आहे.

प्रेषितांची कृत्ये ९ मध्ये टबीथा नावाची बाई आहे, दुर्कस पण म्हणतात तिला. तिच्या तोंडचं एक वाक्य बायबलमध्ये नाही. ती गेली तेव्हा सगळ्या विधवा रडत उभ्या होत्या आणि पेत्राला तिनं शिवलेले अंगरखे आणि कपडे दाखवत होत्या. आणि आपल्या पंडिता रमाबाईंचं तुला माहितीच असेल, हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल मराठीत आणलं. पण ते छापलं कुणी माहितीये? केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायका-मुलींनीच, तिथल्याच छापखान्यात. तेव्हा एक एक अक्षर म्हणजे शिशाचा एक खिळा, तो हातानं उचलून ओळीत बसवायचा, आणि मराठीत जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या किती! उलटं दिसणारं अक्षर सुलट वाचायची सवय करायची, चुकला खिळा की काढून परत बसवायचा. त्यातल्या कितीतरी मुली दुष्काळातून वाचवून आणलेल्या. त्यांची नावं मला सांगता येणार नाहीत, रमाबाईंचंच नाव राहिलं, पण खिळे त्यांनी जुळवले.

आता येत्या रविवारी काय करायचं ते सांगते. युथच्या घोळक्यात बसू नकोस, मागच्या बाकांकडे बघ. एक तरी आजी-आजोबा असे असतील की गाणं लागलं की पुस्तक उघडतात, पानं चाळतात, नंबर सापडेपर्यंत दुसरं कडवं सुरू झालेलं असतं, मग नुसतेच ओठ हलवतात. त्यांच्या शेजारी जाऊन बस, नंबर आधीच काढून ठेव आणि पुस्तक त्यांना दिसेल इतपत उंच धर. त्यांचा चष्मा घरी राहिला असेल तर ओळ जरा आधी हळूच वाचून दाखव, सूर नाही लागला तरी चालेल.